अठरा वर्षे पूर्ण झाली, आता पत्ता कोणता?

(शिरूर व दौंड भागातील वसतिगृहांचे सेवक आणि मंडळ्यांचे सभासद यांच्यासमोर केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘आदिवासी युवकांचे स्वावलंबन’ असा विषय छापला आहे. शब्द मोठा आहे. मी त्यातल्या एकाच लहान गोष्टीविषयी बोलणार आहे, ती म्हणजे पत्ता. फॉर्मवर नाव लिहून झाले की खाली जी रिकामी ओळ असते, ती.

काही वर्षांपूर्वी मी रात्री उशिरा दौंड जंक्शनवर गाडीची वाट पाहत होते. दौंड तुम्हाला माहीत आहे. मनमाडची गाडी, सोलापूरची गाडी, रात्रभर कोणी ना कोणी फलाटावर पसरलेले असते, त्यामुळे झोपलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही. मीही बघितले नसते. पण एका मुलाच्या उशाला पत्र्याची पेटी होती आणि पेटीवर पिवळ्या रंगात नंबर होता. तो नंबर आमच्या वसतिगृहाचा. पेट्यांवर नंबर घालायचे काम दर जूनमध्ये मीच करवून घेते, म्हणून ओळखला.

मुलाचे नाव सांगत नाही. तो आमच्याकडे तिसरीपासून बारावीपर्यंत होता. पारधी समाजातला, आईवडील नाहीत, आजी होती ती तो नववीत असताना गेली. बारावीनंतर रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला लागला तेव्हा आम्ही वसतिगृहात पेढे वाटले, प्रार्थना केली, त्याला पवित्र शास्त्राची प्रत आणि एक चादर दिली आणि निरोप दिला. फोटोही काढला. तो याच वार्तापत्रात छापून आला होता.

नंतर काय झाले ते त्याने फलाटावर चहा पिताना सांगितले. ठेकेदाराने कारेगावला एका खोलीत आठ जणांना ठेवले होते. खोलीचे भाडे पगारातून कापले जायचे. चार महिन्यांनी ठेका संपला. ज्या संध्याकाळी काम गेले, त्याच संध्याकाळी खोली गेली. काकांचे पाल गायरानावर होते, तिथे गेला तर पाल उठलेले, माणसे कामाला कुठे तरी लांब गेलेली. काही दिवस केडगावकडे एका गुऱ्हाळावर चिपाड वाळत घालायचे काम केले, तिथेच चुलवणाजवळ झोपला. गुऱ्हाळ पावसात बंद झाले. मग स्टेशन.

मी विचारले, “अरे, फोन का नाही केलास?” तो खाली बघून म्हणाला, “ताई, तुम्ही पेढे वाटले होते.”

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. आपण दिलेला निरोप इतका पक्का होता, की परत येणे त्याला अपयश वाटले. दहा वर्षे आपण त्याला खाऊ घातले, शिकवले, ताप आला तर रात्री जागलो. आणि अठराव्या वर्षी त्याच्या हातात पेटी देऊन फाटक लावून घेतले. चूक दुसऱ्या कोणाची नव्हती. निरोप समारंभ मीच आखला होता.

ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा करताना अनुवादाचे पुस्तक आम्ही परीक्षेपुरते वाचले होते. त्या रात्रीनंतर पंधरावा अध्याय पुन्हा वाचला. सहा वर्षे ज्याने सेवा केली, त्याला सातव्या वर्षी मोकळे करावे, एवढे आपल्याला पाठ असते. पण शास्त्र तिथे थांबत नाही. त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, आपल्या कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून त्याला द्यावे, असे पुढे आहे. म्हणजे जनावर, धान्य आणि द्राक्षरस. नवा संसार उभा राहील इतके. आणि हे दासाबद्दल आहे. ज्याला आपण लेकरू म्हणतो, त्याला आपण चादर दिली.

आता कायद्याकडे येते, कारण आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे की अठरानंतर सरकार बघते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे. १८ ते २१ वर्षांपर्यंत, आणि २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे अपवाद म्हणून २३ पर्यंत. मिशन वात्सल्य योजनेत अशा तरुणासाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे. अनाथांसाठी महाराष्ट्र शासनाने २०१८ साली नोकरी आणि शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण दिले. चांगल्या गोष्टी आहेत, आणि ज्यांना लागू आहेत त्यांना मिळवून द्यायलाच हव्यात.

पण त्या कोणाला लागू आहेत? अनुरक्षणाची तरतूद मुख्यतः बालकल्याण समितीच्या आदेशाने नोंदणीकृत बालगृहात राहिलेल्या मुलांसाठी आहे. आपली बहुतेक मुले समितीमार्फत आलेली नाहीत. ती वाडीवरून, पालावरून, ऊसतोडीच्या टोळीतून, कोणा आजीने हात धरून आणून सोडलेली आहेत. कागदावर ती ‘वसतिगृहातले विद्यार्थी’. विद्यार्थ्याचे शिक्षण संपले की तो घरी जातो, असे कायदा धरून चालतो. घर आहे की नाही हे कोणी विचारत नाही. एक आई जिवंत आहे, पण ती दुसऱ्या घरी गेली आहे, तर मूल अनाथही ठरत नाही. आपली मुले बरोबर या फटीत पडतात. म्हणून ज्या मुलांबाबत समितीकडे जाणे योग्य आहे, त्यांची नोंद ती लहान असतानाच रीतसर करा, असे मी सर्व अधीक्षकांना हात जोडून सांगते. सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा घेऊन समितीपुढे उभे राहण्यात अर्थ नसतो. मी उभी राहिले आहे.

पुढे शिकणाऱ्यांची वाट थोडी बरी आहे. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. पुणे जिल्ह्याचे प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, ती सुरू झाली तेव्हा पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते. मात्र पैसे हप्त्याने येतात आणि खोलीवाला हप्त्याची वाट पाहत नाही. जून ते पहिला हप्ता, ही दरी कोणी तरी भरून काढावी लागते. आणि या सगळ्याला आधी जातीचा दाखला लागतो.

जातीच्या दाखल्यावर जरा थांबते. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या माणसाचे आजोबा १९५० साली पालात राहत होते, आज या शिवारात, उद्या त्या, त्याने कोणत्या गावचा सातबारा आणायचा? शाळेचा दाखला आणावा, तर घराण्यात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून माणसांच्या अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण जे लोक पिढ्यान्‌पिढ्या हाकलले गेले, त्यांच्याकडे कागद कुठून असणार? दाखला मिळत नाही असे नाही. नात्यातल्या कोणाला तरी मिळालेला असतो, तो शोधायचा, वंशावळ लिहून काढायची, गृहचौकशीची विनंती करायची, प्रांत कार्यालयात पाचव्यांदाही शांतपणे जायचे. आमच्या एका मुलीचा दाखला तिच्या आत्याच्या सासरकडच्या एका भाच्यामुळे मार्गी लागला. त्याला शोधायला मी अडीच वर्षे घेतली. हे काम मूल आठवीत असताना सुरू केले तर बारावीपर्यंत दाखला हातात पडतो. बारावीनंतर सुरू केले तर तोवर मूल कारेगावला पोहोचलेले असते.

आणखी एक गोष्ट सांगते, हसू नका. आमच्या कितीतरी मुलांच्या आधारला मोबाईल नंबर माझा होता. सोय म्हणून दिला. पुढे मुले बाहेर पडली, बँकेत खाती उघडली, आणि त्यांचे ओटीपी माझ्या फोनवर यायला लागले. रात्री अकराला कोणीतरी फोन करायचे, “ताई, सहा आकडे आलेत का बघा ना.” मी प्रवासात असले, फोन बंद असला, तर त्याचे पैसे अडकले. आणि आधारवरचा पत्ता वसतिगृहाचा, ‘द्वारा अधीक्षक’. वसतिगृह सोडल्यावर तो पत्ता खोटा होतो. नवा पत्ता घालायचा तर भाडेकरार हवा, भाडेकरार करायचा तर घरमालक तयार हवा. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, तेव्हाच मुलाचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. फोन त्याच्या हातात कधी द्यायचा हा वेगळा वाद आहे, सिमकार्ड तरी त्याच्या नावच्या डब्यात ठेवता येते.

घरमालकांचे तर काय सांगावे. आमच्या मुलांची आडनावे भोसले, काळे, पवार, चव्हाण. फोनवर सगळे ठीक होते. “या, खोली बघून जा.” समोर गेल्यावर पुढचा प्रश्न येतो, “कुठले भोसले?” मुलगा खरे सांगतो, कारण खोटे बोलू नये हे आपणच शिकवले आहे. मग खोली “कालच गेली” असते. मी स्वतः बरोबर गेले तर दहापैकी चार ठिकाणी खोली मिळते. माझ्यात काही विशेष नाही. फक्त माझे घर कुठे आहे ते मालकाला कळते, भाडे थकले तर कोणाच्या दारात जायचे ते कळते. मालकाला खरा जामीन पैशाचा नको असतो, माणसाचा हवा असतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

इथे, दौंड तालुक्यात, केडगावला बसून पंडिता रमाबाईंचे नाव न घेणे बरे नव्हे. आपण त्यांना मुक्ती मिशनच्या संस्थापिका म्हणून ओळखतो. पण त्या सोळा वर्षांच्या होत्या तेव्हा, १८७४ च्या सुमारास, दुष्काळात थोड्याच काळात वडील, आई आणि मोठी बहीण गेली. त्या आणि भाऊ श्रीनिवास, दोघेच उरले. पायी देशभर फिरले. झेलम नदीच्या काठी थंडीत अंगावर घालायला पुरेसे नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून दोघे झोपले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आज अशा मुलीला आपण बेघर, जोखमीतली, अशी काही नावे दिली असती.

मला वाटते, केडगावला त्यांनी जे उभे केले त्यात ही वाळू कुठेतरी होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्या मुलींना घेऊन आल्या, आणि आणलेल्यांना नुसते जेवायला घालून ठेवले नाही. शेती, विणकाम, छापखाना. त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे तिथल्या बायकांनी जुळवले. हे आपण नेहमी सांगतो. मला आज वेगळे सांगायचे आहे. त्या मुलींना अमुक तारखेला फाटकाबाहेर जायचे आहे, असे तिथे ठरलेले नव्हते. जी तयार झाली ती गेली, जी नाही झाली ती राहिली. आपल्याकडे मात्र तारीख आहे. जागा मर्यादित, जूनमध्ये नवी मुले दारात उभी, हिशेबनीस विचारतात. तारीख मीही पुसू शकत नाही. पण तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे काय करायचे, ते आपल्या हातात आहे.

अलीकडे काय? आमच्याकडे आता नववीपासून महिन्यातला एक शनिवार मुले स्वतः चालवतात. पैसे त्यांच्या हातात, बाजार तेच करतात, स्वयंपाक तेच करतात. पहिल्या शनिवारी सगळे पैसे चिकन आणि थम्सअपवर गेले आणि रात्री सगळ्यांनी मीठभात खाल्ला. मावशींना वाईट वाटले, त्या गुपचूप पिठले करायला निघाल्या होत्या. मी अडवले. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या महिन्यात मुलांनी कांद्याचा भाव विचारून घेतला. आम्ही इतकी वर्षे त्यांना घंटेवर उठवले, घंटेवर जेवू घातले, आणि अठराव्या वर्षी अपेक्षा केली की त्यांनी पगाराचे नियोजन करावे. दहा वर्षांत ज्याच्या हातात शंभराची नोट आली नाही, तो पहिल्या पगारात मोबाईल घेणार नाही तर काय करणार?

पगाराची पावती मागायला शिकवा. पीएफचा नंबर स्वतःचा आहे, तो ठेका बदलला तरी बदलत नाही, हे सांगा. आणि शक्यतो कामवाल्याकडून खोली घेऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगते. थोडे भाडे जास्त पडले तरी चालेल. काम आणि छप्पर एकाच माणसाच्या हातात असले की तो माणूस एका वाक्यात दोन्ही काढून घेतो.

मुलींचे निराळे आहे. मुलगा बेघर होतो तेव्हा तो फलाटावर दिसतो. मुलगी दिसत नाही, तिचे लग्न झालेले असते. दहा वर्षांत एकदाही भेटायला न आलेले मामा सतराव्या वर्षी बरोबर येतात, मिठाई घेऊन. एका मुलीला नर्सिंगला जायचे होते. मामांनी स्थळ आणले होते. आम्ही भांडलो नाही. मामांना बसवून चहा दिला आणि विचारले, “तिचे शिक्षण होईपर्यंत सुट्टीत ती कोणाकडे राहील?” मामा गप्प झाले. त्यांनाही उत्तर लग्न हेच सुचले होते, कारण दुसरे घर त्यांच्यापुढे नव्हते. मग शिरूरच्या एका मंडळीतल्या निवृत्त शिक्षिका पुढे आल्या. दिवाळीत, नाताळात आणि उन्हाळ्यात ती मुलगी त्यांच्याकडे राहते. त्यांच्या घरी तिचा एक खण आहे कपाटात. मामा आता त्यांनाच “बाई, पोरीचं कसं चाललंय” म्हणून फोन करतात.

तो कपाटातला खण, हेच माझे मागणे आहे.

मंडळीतले लोक मला दर नाताळात विचारतात, “ताई, यंदा काय द्यायचे, ब्लँकेट की स्वेटर?” मनापासून विचारतात, मला त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण ब्लँकेटे आमच्याकडे पुष्कळ झाली. एका कुटुंबाने एका तरुणाला तीन वर्षे पत्ता द्यावा, एवढे मी मागते. बँकेचे पत्र तुमच्या घरी येऊ द्या. रविवारी उपासनेनंतर जेवायला बोलवा. खोली बघायला बरोबर जा. आजारी पडला तर दवाखान्याच्या फॉर्मवर नातेवाईक म्हणून तुमचा नंबर लिहू द्या. दत्तक घ्या असे म्हणत नाही, घरात ठेवून घ्या असेही नाही. त्याच्याकडून वाण्याचे सामान आणवून घेऊ नका आणि पाहुण्यांसमोर “हा मिशनमधला मुलगा” अशी ओळख करून देऊ नका. नाव सांगा.

खोलीच्या अनामतीसाठी आम्ही फिरती रक्कम ठेवली आहे. कारेगावला एका खोलीला दहा हजार अनामत मागतात, पहिल्या पगाराआधी ती कोण भरणार? आम्ही भरतो, मुले हप्त्याने परत करतात. बहुतेकांनी केली. दोघांनी नाही केली. त्यातला एक मला रांजणगावच्या बाजारात दिसला आणि गल्लीत शिरला. मी त्याच्या मागे गेले, पैशासाठी नाही, पेढ्यांची गोष्ट पुन्हा होऊ नये म्हणून. त्याला म्हटले, “पैसे राहू देत, रविवारी ये.” अजून आलेला नाही. कार्यकारिणीत विचारणा झाली की अशा बुडीत रकमेचे काय. रास्त प्रश्न आहे. मी उत्तर दिले की खळ्यातून दिलेल्या धान्याची पावती अनुवादात कुठे सांगितलेली नाही. खजिनदारांना ते फारसे पटले नाही. त्यांचे म्हणणेही बरोबर आहे, पुढच्याला द्यायला रक्कम शिल्लक राहिली पाहिजे.

स्टेशनवरचा तो मुलगा आता शिरूरला आहे. आयटीआयमधून वेल्डर झाला. मध्ये एकदा सोडून गेला होता, महिनाभराने परत आला, आणि त्या वेळी आम्ही काही विचारले नाही. खोली भाड्याची आहे, अकरा महिन्यांचा करार त्याच्या स्वतःच्या नावावर. तो करार त्याने मला दाखवायला आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून. पेटी अजून तीच आहे. मी म्हटले, तो नंबर खरवडून टाक आता. तो म्हणाला, “राहू द्या ताई, त्याच्यामुळेच तुम्ही ओळखलं.”

येत्या मे महिन्यात आपल्या वसतिगृहांतून चौघे बाहेर पडत आहेत, तीन मुलगे आणि एक मुलगी. दोघांना जातीचे दाखले आहेत, दोघांचे प्रांत कार्यालयात आहेत. मुलीला पुण्यात शिकायचे आहे, एका मुलाला दौंडजवळ राहायचे आहे कारण त्याची धाकटी बहीण अजून आपल्याकडे सहावीत आहे. मागच्या टेबलावर, चहाच्या शेजारी, एक वही ठेवली आहे. पहिल्या पानावर चार ओळी आहेत. डाव्या बाजूला मुलांचे वय आणि गरज लिहिली आहे, नावे लिहिलेली नाहीत. उजवी बाजू कोरी आहे, तिथे तुमचा पत्ता लिहायचा आहे. पिनकोडसह लिहा.